‘नमुने निगेटिव्ह’ आले म्हणजे जंतू मेले असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषबाधेची बातमी आपल्या पेपरात येते तेव्हा पहिल्या दिवशी ती मोठी असते, किती जण ॲडमिट, कुठल्या कार्यक्रमात जेवले, कोणावर गुन्हा वगैरे, आणि मग आठवडाभराने आतल्या पानावर एक छोटा चौकोन येतो की अन्नाचे आणि पाण्याचे नमुने निगेटिव्ह आले, अमुकतमुकला क्लीन चिट. मी फूड टेस्टिंग लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर काम करते, त्यामुळे हा छोटा चौकोन वाचला की मला दर वेळी एकच प्रश्न पडतो, नमुना कधी घेतला, कशात घेतला आणि लॅबमध्ये त्याला पहिली रात्र कशात ठेवलं? हे बातमीत कधीच नसतं. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची तर खुशाल लावा पण टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) आणि बाटलीचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

लोकांना वाटतं जंतू एक तर जिवंत असतो नाही तर मेलेला. तसं नसतं हो. गरम केलं, फ्रीज केलं, वाळवलं, व्हिनेगर-लिंबू घातलं, क्लोरीन मारलं की काही मरतात, काही मजेत राहतात आणि बरेचसे मधल्या अवस्थेत जातात, आम्ही त्यांना इंज्युअर्ड म्हणजे जखमी म्हणतो. त्यांच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पडलेली असतात, आतलं मॅग्नेशियम गळून गेलेलं असतं, प्रोटीन बनवणारे रायबोसोम मोडलेले असतात. धडधाकट ई. कोलाय चांगलं खायला मिळालं की वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतो, हा इंज्युअर्ड गडी मात्र तासन्‌तास एकाचा एकच राहतो कारण तो आधी स्वतःची डागडुजी करत असतो. ती झाली की मग वाढायला लागतो आणि तेव्हा तो पहिल्याइतकाच त्रासदायक असतो, काही कमी नाही.

आता लॅबची गोची अशी की आपल्याला हवा तो जंतू शोधायला आम्ही जो सिलेक्टिव्ह मीडिया (म्हणजे जंतू वाढवायचं निवडक खाद्य) वापरतो त्यात बाकीच्यांची वाढ थांबावी म्हणून बाईल सॉल्ट म्हणजे पित्ताचे क्षार, डाय, जास्तीचं मीठ, अँटिबायोटिक असलं काही ना काही घातलेलं असतं. धडधाकट साल्मोनेलाला (हा अन्नातून विषबाधा करणारा एक जंतू) त्याचं काही वाटत नाही पण पडदा फाटलेल्या साल्मोनेलाला तेच बाईल सॉल्ट मारून टाकतं. आयसीयूतून आजच बाहेर आलेल्या माणसापुढे झणझणीत मिसळ ठेवायची आणि तो जेवला नाही म्हणून मेला असं लिहून मोकळं व्हायचं, असला हा प्रकार.

नवीन इंटर्न आले की हे मी त्यांना तोंडाने सांगत नाही, करूनच दाखवते. फ्रीजरमधल्या मटारचं पाकीट घ्यायचं, त्याचं एकच डायल्युशन म्हणजे पातळ केलेलं पाणी दोन प्लेटवर टाकायचं, एक साधा टीएसए म्हणजे नुसतं पौष्टिक अगार, दुसरा व्हीआरबीए, तो जांभळट लाल असतो आणि त्यात बाईल सॉल्ट असतं. दुसऱ्या दिवशी टीएसएवर कॉलन्यांची नुसती गर्दी आणि लाल प्लेटवर तुरळक चार-दोन. आता टीएसएवर सगळ्याच जातीचे जंतू वाढतात त्यामुळे नुसत्या एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून तिसरी प्लेट करायची, आधी टीएसए ओतून तासदोन तास रूम टेंपरेचरला तसंच सोडायचं आणि मग त्याच्यावर व्हीआरबीएचा थर ओतायचा. तेवढ्या तासदोन तासांच्या सवलतीत जे सावरतात ते वरचा लाल थर सहन करतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या गडद लाल कॉलन्या मोजता येतात, नुसत्या लाल प्लेटपेक्षा जास्त. ही युक्ती आमची नाही, १९७५ साली अमेरिकेत स्पेक, रे आणि रीड यांनी ही पद्धत छापली, त्यातले बिबेक रे हे भारतीय वंशाचे, पुढे वायोमिंग विद्यापीठात होते आणि जखमी जंतू या विषयावर त्यांनी भरपूर काम केलं. म्हणजे ही माहिती पन्नास वर्षं जुनी आहे, कालपरवाचा शोध नाही.

म्हणूनच साल्मोनेलाच्या टेस्टला इतके दिवस लागतात. २५ ग्रॅम नमुना २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, १८ तासांच्या आसपास, ३७ डिग्रीला. यात मारणारं काहीच नसतं, नुसतं पेप्टोन, मीठ आणि बफर, आणि बफर अशासाठी की बाकीचे जंतू वाढताना ॲसिड सोडतात आणि त्या ॲसिडने आपला जखमी पेशंट पुन्हा आडवा होऊ नये. ही पहिली रात्र सावरण्याची. दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं सिलेक्टिव्ह ब्रॉथमध्ये म्हणजे पातळ मीडियात, मग आणखी एक दिवसाने एक्सएलडी नावाच्या सिलेक्टिव्ह प्लेटवर, तिथे लालसर कॉलनी आणि मध्ये काळा ठिपका दिसला की आमच्या पोटात गोळा येतो, मग कन्फर्मेशन. निगेटिव्ह सांगायलाच चारेक दिवस जातात. आणि पार्टीचा फोन दुसऱ्याच दिवशी येतो, मॅडम गाडी भरून उभी आहे, रिपोर्ट द्या ना. काही ठिकाणी मग काय होतं ते मी वेगळं सांगायला नको, संध्याकाळी टाकलेलं पेप्टोन सकाळी लवकर काढायचं किंवा ती पायरीच गाळून थेट सिलेक्टिव्हमध्ये जायचं. कच्च्या चिकनमध्ये अशाने फार बिघडणार नाही कारण तिथला जंतू ठणठणीत असतो, पण दुधाची पावडर, मसाला, डेसिकेटेड कोकोनट, चॉकलेट असल्या कोरड्या मालात नेमका जखमीच बसलेला असतो आणि तोच सुटतो. उष्णतेने पोळलेल्या पेशी सगळ्या एकाच वेळी सावरत नाहीत, काही दोन-तीन तासांत उठतात, काहींना अख्खी रात्र लागते, आणि २५ ग्रॅममध्ये कदाचित एखाददुसराच असतो हे लक्षात घ्या.

पावडरीचं तर आणखी वेगळं. तिच्यात जंतू महिनोन्‌महिने कोरडा पडून असतो, त्याला एकदम पाण्यात घुसळलं तर पाणी भसकन आत शिरून तो फुटतो. म्हणून दुधाची पावडर पाण्यावर हळूहळू भुरभुरायची आणि तासभर हात लावायचा नाही, आपोआप भिजू द्यायची. बघणाऱ्याला वाटतं ही बाई नुसती बसलीय. मसाल्यात तर मसालाच आडवा येतो. दालचिनीला शंभरपट आणि लवंगेला हजारपट मीडिया घ्यायचा असं अमेरिकन एफडीएच्या मॅन्युअलमध्ये आहे, कारण लवंगेतलं युजेनॉल साल्मोनेलाला बाटलीतसुद्धा डोकं वर काढू देत नाही, म्हणजे २५ ग्रॅम लवंगेला हिशोबाने २५ लिटर, बादल्याच मांडायच्या की काय. कांदा-लसणाच्या पावडरीला पोटॅशियम सल्फाइट घालावं लागतं. हे सगळं न करता लवंगेचा रिपोर्ट निगेटिव्ह देणं अगदी सोप्पं आहे! आपले मसाले अमेरिकेच्या बंदरावर अडकतात तेव्हा तिकडच्यांचा डाव आहे असं लगेच म्हटलं जातं, पण त्याच एफडीएच्या तपासणीत तिथे आयात झालेल्या मसाल्यांच्या सुमारे ७ टक्के शिपमेंटमध्ये साल्मोनेला सापडला होता, आणि त्यात अनेक देश होते, फक्त आपण नाही.

आता टीसीएल. गावात जुलाब-उलट्यांची साथ आली की पहिली गोष्ट काय होते, तर टाकीत टीसीएल पावडर पडते. पडलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही, लोकांचा जीव आधी. पण नमुना बहुतेक वेळा त्यानंतर घेतला जातो. ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का बघायची) करून पाणी मस्त पिवळं आलं की मग बाटली भरायची. अहो, मग त्यात काय सापडणार? सकाळी जे पाणी लोक प्यायले ते हे पाणीच नाही. त्यापुढची गंमत म्हणजे बाटली. क्लोरीन असलेल्या पाण्याचा नमुना घ्यायची बाटली निर्जंतुक तर हवीच पण तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं असावं लागतं, ते क्लोरीनला जागच्या जागी निकामी करतं. ते नसेल तर पाणी तालुक्याहून लॅबपर्यंत येईतो क्लोरीन आपलं काम बाटलीतसुद्धा करतच राहतं, नळाला असताना जे जखमी होते ते आमच्यापर्यंत पोचताना मेलेले असतात. आमच्याकडे पाणी येतं ते मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत, कोल्ड्रिंकच्या बाटलीत, एकदा तर खोबरेल तेलाचा वास येणाऱ्या बाटलीत आलं होतं. आणि जिथे बरोबर बाटली दिलेली असते तिथे नेणारा माणूस तळाशी काहीतरी पांढरं चिकटलंय म्हणून ती नळाखाली छान दोनदा विसळतो आणि मग भरतो, थायोसल्फेट गटारात! त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मागून येणाऱ्या रिपोर्टवर मात्र लिहिलेलं असतं की १०० मिलीमध्ये ई. कोलाय आढळला नाही, आणि ते खरंच असतं, त्या बाटलीपुरतं.

क्लोरीनने जखमी झालेले कोलिफॉर्म (ई. कोलाय आणि त्याचे भाऊबंद, पाणी दूषित असल्याची खूण) नेहमीच्या मीडियावर दिसत नाहीत म्हणून अमेरिकेत मोंटाना स्टेटच्या मॅकफीटर्स वगैरे मंडळींनी १९८३ मध्ये एम-टी७ नावाचा मुद्दाम सौम्य मीडिया तयार केला, त्यावर नळाच्या पाण्यातले असे बरेच कोलिफॉर्म वर आले जे एरवी निसटत होते. आपल्याकडे एवढं कोण करणार, निदान बाटली तरी बरोबर द्या. फॅक्टरीतल्या स्वॅबचंही तेच, टेबल सॅनिटायझरने पुसून लगेच स्वॅब घ्यायचा आणि त्या ब्रॉथमध्ये न्यूट्रलायझर म्हणजे सॅनिटायझरला निकामी करणारं काही नसेल तर स्वॅबबरोबर सॅनिटायझरही लॅबमध्ये येतो.

भंडाऱ्याच्या जेवणाचं उलटं होतं, तिथे काळजी घेण्यात नुकसान होतं. मोठ्या पातेल्यातली आमटी किंवा मटणाचा रस्सा दुपारी करून संध्याकाळपर्यंत कोमट राहिला की त्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो, याचे स्पोर म्हणजे टणक कवचातली झोपलेली रूपं शिजवण्याने मरत नाहीत उलट जागे होतात, आणि त्याच्या आवडत्या तापमानाला, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास, हा दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. रात्री लोकांना पोटात मुरडा आणि जुलाब सुरू. मग कोणीतरी शहाणा माणूस उरलेला रस्सा डब्यात भरून फ्रीजमध्ये किंवा थेट फ्रीजरमध्ये ठेवतो, पुरावा म्हणून. आणि हा जंतू थंडीला इतका नाजूक की फ्रीजमध्ये ठेवल्या ठेवल्या मरायला लागतो. चार दिवसांनी नमुना आमच्याकडे येतो तेव्हा हाताला काही लागत नाही. नमुना लगेच तपासता येणार नसेल तर ग्लिसरॉल घातलेल्या बफरमध्ये मिसळून मगच गोठवायचा असतो, पण हे ग्लिसरॉल भंडाऱ्याच्या ठिकाणी कोण घेऊन जाणार सांगा.

काही जंतू तर त्याहून पुढे जातात, जिवंत असतात पण प्लेटवर कशानेच वाढत नाहीत. १९८२ मध्ये रीटा कोलवेल यांच्या गटाने कॉलरा आणि ई. कोलायच्या बाबतीत हे पहिल्यांदा दाखवलं. बांगलादेशातल्या तळ्यांत साथ नसतानाच्या दिवसांत कॉलराचा जंतू कल्चरला मिळायचा नाही आणि सीझन आला की परत हजर. याच बाईंनी पुढे जुन्या साडीचं कापड चार पदरी करून पाणी गाळायला सांगितलं, जंतू ज्या बारीक जलचरांना चिकटून राहतात तेच कापडात अडकतात, आणि २००३ मध्ये छापलेल्या पाहणीत त्या गावांमधला कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झालेला दिसला. लॅबला जो सापडत नव्हता त्याच्यावर साडी चालली, हे मला फार आवडतं.

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, हातापायातली ताकद जाण्याचा आजार) पेशंट वाढले तेव्हा आपण सगळे पाण्याच्या रिपोर्टकडे डोळे लावून बसलो होतो. पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. हा जंतू कसा आहे ते सांगते म्हणजे पाण्यात त्याला पकडणं किती अवघड ते कळेल. आपल्या हवेतला २१ टक्के ऑक्सिजन त्याला सोसत नाही, पाचेक टक्के लागतो, त्यासाठी वेगळी जार आणि गॅसची पाकिटं. पाण्यात थोडे दिवस राहिला की आपला नागमोडी आकार सोडून गोल गोळी होतो आणि प्लेटवर उगवायचं बंद करतो. म्हणून त्याच्या ठरलेल्या पद्धतीत बोल्टन ब्रॉथ पहिले चार ते सहा तास ३७ डिग्रीला ठेवतात, त्याचं आवडतं ४१.५ नंतर, दोनेक दिवस. ते पहिले तास फक्त सावरायला. एवढं सगळं जिथे होत नाही तिथला पाण्याचा निगेटिव्ह रिपोर्ट बातमीत वापरताना जपून वापरा एवढंच म्हणते.

जर्मनीत २०११ ला काय झालं तेही आठवा. ई. कोलाय ओ१०४:एच४, साडेतीन हजारांवर लोक आजारी, पन्नासच्या वर मेले. आधी स्पेनच्या काकडीवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांचं वाटोळं झालं, आणि नंतर कळलं की मोड आलेल्या मेथीचा प्रकार होता, बिया इजिप्तहून आलेल्या. बियांच्या एकाही नमुन्यात तो जंतू शेवटपर्यंत सापडला नाही. मग कळलं कसं? हॉटेलात कोणी काय खाल्लं, कुठल्या डिशमध्ये काय घातलं होतं, ते मोड कुठून आले, बिलं आणि पावत्या जुळवत जुळवत मागे गेले. लॅबने हात टेकले तेव्हा वही-पेनने केस सुटली. आपल्याकडे नमुने निगेटिव्ह आले की चौकशीच थांबते.

आणि फेरतपासणी नावाचा जो प्रकार आहे त्याबद्दल. अमेरिकेत पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या स्वतःच्या टेस्टमध्ये २००७-०८ या काळात बाराएक वेळा साल्मोनेला आला, त्यांनी दुसऱ्यांदा तपासून निगेटिव्ह आणला आणि माल रवाना केला. २००८-०९ च्या त्या साथीत ४६ राज्यांत ७१४ जण आजारी आणि ९ मृत्यू, मालकाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली, खोटी सर्टिफिकेटं वगैरे आणखी भानगडी होत्याच. पण दुसऱ्या वेळी निगेटिव्ह येण्यात नवल काहीच नाही, शेंगदाण्याच्या बटरसारख्या कोरड्या तेलकट मालात जंतू थोडे, विखुरलेले आणि अर्धमेले असतात, एका चमच्यात असेल दुसऱ्यात नसेल. पहिला पॉझिटिव्ह आला की दुसरा निगेटिव्ह त्याला खोडू शकत नाही. आपल्याकडे मात्र ‘दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे’ अशी बातमी होते आणि वाचणाऱ्याला वाटतं कुठली तरी एक लॅब खोटारडी.

कोणी म्हणेल रॅपिड पीसीआर आहे ना आता, कशाला ही रडकथा. आहे, आणि चांगला आहे, पण २५ ग्रॅममधले एक-दोन जंतू पकडायला पीसीआरच्या आधीसुद्धा ती पेप्टोनची रात्र काढावीच लागते, आणि थेट नमुन्यावर केला तर तो मेलेल्यांचा डीएनएही मोजतो, म्हणजे तिकडून पडलो इकडून पडलो. आणखी एक शंका मला नेहमी विचारतात की बाईल सॉल्टने मरणारा जंतू आपल्या पोटात कसा जगतो, तिथेही ॲसिड आणि बाईल आहेच की. प्रश्न बरोबर आहे, बरेचसे मरतातही. पण चॉकलेट, चीज, शेंगदाण्याचं बटर असल्या चरबीच्या आवरणातून गेला तर त्याला ॲसिड फारसं लागत नाही. दुसरं म्हणजे तो पोटात जाण्याआधीच सावरतो, अर्धवट गरम करून ओट्यावर चार तास ठेवलेल्या भाजीत त्याला आमच्या पेप्टोनपेक्षा चांगली सोय मिळते. आणि वर ज्याने थोडं ॲसिड, थोडी उष्णता आधीच पाहिलेली असते तो पुढच्या वेळी जास्त चिवट होतो, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की क्लीन चिटचा चौकोन छापण्याआधी आपल्या वार्ताहराने रिपोर्टची प्रत मागावी. ती एकपानी असते. त्यात नमुना घेतल्याची तारीख आणि लॅबमध्ये पोचल्याची तारीख वेगवेगळी लिहिलेली असते, दोन्ही बघाव्यात, आणि टेस्ट मेथड म्हणून एक रकाना असतो तिथे आयएसओचा किंवा बीआयएसचा नंबर आहे की नुसतं ‘इन हाऊस’ लिहिलंय ते बघावं. नंबर असला तरी लॅबला फोन करून प्री-एनरिचमेंट म्हणजे ती पेप्टोनची पहिली रात्र किती तास केली एवढं विचारावं, चांगली लॅब आनंदाने सांगते. आणि पाण्याचा नमुना असेल तर ग्रामसेवकाला एकच प्रश्न, टीसीएल किती वाजता टाकली आणि बाटली किती वाजता भरली. याची उत्तरं मिळाली तर ती त्याच चौकोनात छापा, नाही मिळाली तर नाही मिळाली असं छापा.

आपली,
एक मायक्रोबायोलॉजिस्ट, सांगली
(नोकरीत असल्यामुळे नाव छापू नये)